घाट जेवणाआधी : आमची वाटचाल

पोर्तुगालला आलेल्या पाहुण्यांना लिस्बनजवळच्या सिंत्रा आणि कश्कायशला सगळेच टूरवाले नेतात. आम्ही आराबिदाला, समुद्रकाठच्या डोंगराकडे नेतो. सकाळी लिस्बनहून पूल ओलांडायचा, मग अझैतांव, डोंगरावरचा घाट, सेतूबाल, सेझिंब्रा, दिवस मावळताना काबो इश्पिशेल आणि रात्री परत. आज हा दिवस लिस्बनमध्ये कोणीही विकतं, आणि आपल्या लोकांना विकताना तर आमच्याच वाक्यांत विकतं. परवा एका पाहुण्यांनी फोनवर विचारलं, "तुमची टूर त्या अमक्यांच्यासारखीच आहे ना?" त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. पण फर्मला दहा वर्षं होत आली, तेव्हा कोण कोणासारखं आहे हे एकदा लिहून ठेवलेलं बरं.

मी मूळचा पेडण्याचा. वडील पोर्तुगीज अमदानीत, १९६१च्या आधी जन्मले. त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवला, मग माझा, मग पासपोर्ट. गोव्यात घरोघरी हेच चाललंय. माझ्याबरोबर आलेले सगळे पासपोर्ट हातात पडताच इंग्लंडला गेले. मी राहिलो. हॉटेलात भांडी घासली, टुकटुक चालवली, पोर्तुगीज शिकलो आणि पाठीचं दुखणं लावून घेतलं. लिस्बनच्या आल्फामा वस्तीतल्या दगडी चढावर टुकटुक चालवलेल्यांना वेगळं सांगायला नको.

फर्म निघाली ती मेश्त्रमुळे. सेझिंब्रात बोटीच्या तांडेलाला मेश्त्र म्हणतात. आमचा मेश्त्र आयुष्यभर इश्पादा पकडत होता. आपल्या वाकटीच्या कुळातलाच मासा, पण काळा आणि खोल पाण्यातला. गुडघे गेले तशी त्याने बोट विकली आणि एक जुनी नऊ सीटर गाडी घेतली. गाडी त्याची, पाहुणे माझे, नफा निम्मा निम्मा. कागद नव्हता, शब्द होता. नोंदणी, अपघाताचा विमा, दायित्वाचा विमा, तक्रारीची लाल वही हे सगळं माझ्या नावावर, कारण मेश्त्रला सरकारी कागद दिसला की तो बाहेर जाऊन सिगरेट ओढायचा.

नऊ सीटर का, हे धंद्यातल्यांना माहीत आहे. ड्रायव्हर धरून नऊ माणसं साध्या लायसन्सवर बसतात. दहावा बसवला की बसचं लायसन्स, बसचे नियम, बसचे खर्च. पहिल्या गाडीला मासळीचा वास होता. व्हिनेगर झालं, कॉफीची पूड झाली, लिंबाच्या साली झाल्या. शेवटी सीटचे फोम फाडून नवे भरले तेव्हा वास गेला. काचेवर व्हिया व्हेर्दचा डबा, म्हणजे टोलला थांबायला नको. २५ एप्रिल नावाच्या पुलाचा टोल लिस्बनमध्ये शिरतानाच लागतो, जाताना नाही, त्यामुळे हिशोब संध्याकाळी होतो. मागे दोन स्टीलचे फ्लास्क, एकात चहा, एकात गरम पाणी. आठ विंडचीटर, कारण इश्पिशेलच्या कड्यावर ऑगस्टमध्येसुद्धा माणसं कुडकुडतात आणि मुंबईहून येणारा माणूस ऑगस्टमध्ये युरोपात स्वेटर आणत नाही. कागदी पिशव्या. आणि चीजसाठी लांब दांड्याचा चमचा, तो वेगळ्या रुमालात.

चमच्याचं सांगतो. अझैतांवचं चीज मेंढीच्या कच्च्या दुधाचं. तळहातावर मावेल एवढी चकती, पिवळसर, बाहेरून घट्ट. वरची चकती चाकूने झाकणासारखी कापून उचलायची, आत सगळं लोण्याहून सैल, ते चमच्याने काढून पावाला लावायचं. चाकूने फोडी करणाऱ्या पाहुण्यावर मेश्त्र मनापासून रागवायचा. आपल्यासाठी यातली खरी गोष्ट अशी की हे दूध रानटी काटेरी झाडाच्या फुलाने विरजतात. वासराच्या पोटातलं रेनेट यात नसतं. पुण्या-अहमदाबादकडच्या शाकाहारी मंडळींना मी हे सांगतो तेव्हा युरोपात आल्यापासून त्यांना पहिल्यांदा निश्चिंतपणे चीज खायला मिळतं. हे आम्ही शोधून, विचारून, चीज करणाऱ्या बाईंच्या गोदामात फूल भिजत घातलेलं बघून पाहुण्यांना सांगायला लागलो. आता सगळ्यांच्या जाहिरातीत आहे.

पण आमची खरी कमाई म्हणजे दिवसाचा क्रम. तो मेश्त्रने लावला आणि मी त्याला घड्याळ बांधलं. घाट जेवणाआधी. हा नियम ऐकायला फालतू वाटतो, पण वांतीची पिशवी ज्याने धरली आहे त्याला वाटत नाही. घाट पश्चिमेकडून पूर्वेला चढायचा. इथे गाडी उजवीकडून चालते आणि तसं गेलं की समुद्रही उजवीकडे, आपल्याच लेनला लागून. फोटोसाठी थांबायचं तर रस्ता ओलांडून माणसं न्यावी लागत नाहीत. फोर्मोझिन्यु हा डोंगराचा माथा ५०१ मीटर, समुद्राला इतका चिकटून की वरून खालचं पाणी हिरवं-निळं पट्ट्यापट्ट्यांत दिसतं. उतारावर १५४२चा मठ आहे, झाडीत पांढऱ्या खोल्या विखुरलेल्या. तो वरूनच दाखवायचा.

मग दुपारी एकच्या आत सेतूबालचा लिव्रामेंतु बाजार. १९३०ची इमारत, आतल्या भिंतीवर निळ्या टाइल्सची चित्रं आणि खाली संगमरवरी ओट्यांवर मासळी. दुपारी बाजार आवरतो, म्हणून एक वाजता म्हणजे एक वाजता. सोमवारी बाजार बंद आणि रविवारी बोटी गेलेल्या नसतात, म्हणून सोमवारी आमची गाडीही बंद. जेवण झालं की सेझिंब्रा आणि सूर्य कलल्यावर इश्पिशेल. तिथे सकाळी नेऊ नये. उन्हाळ्यात सकाळी धुकं असतं, कडा तर सोडाच, समोरचं देऊळही दिसत नाही.

इश्पिशेलला माझं बोलणं सगळ्यात लांबतं. देवळासमोर यात्रेकरूंच्या धर्मशाळांच्या दोन लांबच लांब ओळी आहेत, अठराव्या शतकातल्या, कमानींच्या, आता ओस. कड्याच्या खडकावर पावलांचे ठसे आहेत. जुने लोक सांगत, देवमाता खेचरावर बसून समुद्रातून वर आली, त्या खेचराचे ते खूर. नंतर अभ्यासकांनी बघितलं तर डायनासोरचे निघाले, ज्युरासिक काळातले. हे सांगितलं की गाडीतली कोणी ना कोणी मावशी म्हणतेच, "आपल्याकडे पांडवांनी केलं म्हणतात, तसंच." मी मान डोलावतो. ठसे खाडीच्या पलीकडच्या बाजूने नीट दिसतात. त्यांच्यावर उभं राहून काही कळत नाही.

हे सगळं बसलं आणि २०१७ला गालापिन्युश हा आराबिदाच्या पायथ्याचा किनारा युरोपातला सर्वोत्तम म्हणून निवडला गेला. तोपर्यंत हॉटेलवाल्यांना आराबिदा म्हणजे काय हे सांगावं लागायचं. आता विचारणा होऊ लागली. मी कर्ज काढून नवी गाडी घेतली आणि एक मुलगा ठेवला. आमच्या शेजारच्या गावचा. नाव लिहीत नाही. पेडण्यात ज्याला कळायचं त्याला कळेल. त्याला जागा नव्हती तेव्हा तो आमच्या स्वयंपाकघरात गादी टाकून झोपायचा. मेश्त्रच्या शेजारच्या सीटवर बसून त्याने सगळा रस्ता पाठ केला, कुठे कोण काय बोलतं तेही.

एक दिवस म्हणाला, बेल्जियमला चुलत्याकडे जातो. बेल्जियमला गेला नाही. पुढच्या मोसमात दोन भागीदारांबरोबर सोळा सीटची मिनीबस घेऊन आराबिदाच्या रस्त्यावर दिसला. दर आमच्या निम्म्याच्या आसपास. शब्द आमचे, चमचासुद्धा आमच्यासारखा. बुकिंगच्या पानावर घाटातल्या निळ्या पाण्याचा फोटो होता, तो मी काढलेला. खाली कोपऱ्यात डॅशबोर्डवर ठेवलेली मेश्त्रची टोपी अर्धी दिसते. टोपी कापून टाकण्याचीही तसदी घेतली नाही.

फक्त क्रम त्याने उलटा केला, कारण संध्याकाळी मिनीबस फादो गाण्यांच्या जेवणावळींना भाड्याने द्यायची होती. म्हणजे इश्पिशेल सकाळी, धुक्यात. बाजारात पोचेपर्यंत पाणी मारून फरशा धुतलेल्या. आणि घाट भरल्या पोटी. पिशव्या त्याने जास्त घेतल्या असाव्यात.

तरी धंदा तिकडे गेला. हे कळून घ्या, नव्याने पडणाऱ्यांनो. पाहुणा आयुष्यात एकदा येतो, त्याला आधी दर दिसतो आणि क्रम संध्याकाळी कळतो. बुकिंगच्या संकेतस्थळाला शंभरातले पंचवीस द्यायचे आणि वर स्वस्त माणूस यादीत आपल्यावर चढलेला बघायचा. रिसेप्शनवरच्या पोरांना तो जास्त कमिशन द्यायचा. मग एक-एक तारेचे अभिप्राय सुरू झाले, आमच्या गाडीत कधी न बसलेल्या नावांचे. एकाने तर समक्ष येऊन लाल वही मागितली. वही मागितली की द्यावीच लागते. त्याने लिहिलं, ड्रायव्हरच्या अंगाला मासळीचा वास येतो.

मी ते मेश्त्रला वाचून दाखवणार नव्हतो, पण त्याने वही हातातून घेतली. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी टाय लावून आला. जूनचा उकाडा, घाटात एसी धापा टाकतोय आणि हा गळ्याशी गाठ आवळून गाडी चालवतोय. तो पूर्ण मोसम त्याने टाय काढला नाही. मला आजही त्या पोराचा राग येतो तो पैशांसाठी नाही, त्या टायसाठी येतो.

२०१९च्या उन्हाळ्यात कित्येकदा गाडी दोन माणसं घेऊन निघाली. आमचा नियम होता, बुकिंग घेतलं की गाडी निघणार. डिझेल सुटायचं नाही. हप्ता चुकायला लागला. बायको हॉटेलात रात्रपाळीला जायला लागली, तिच्या पगारातून हप्ते गेले. फर्म तिने चालवली, हे कोणत्याही जाहिरातीत नाही म्हणून इथे लिहितो.

आणि ठाण्याच्या काकू. बँकेतून निवृत्त, सीकेपी, त्यामुळे मासळीच्या बाबतीत त्यांना कोणी शिकवायचं नाही. आमच्या सुरुवातीच्या काळात बहिणीला घेऊन भर पावसात आल्या होत्या, गाडीत त्या दोघीच. लिव्रामेंतुमध्ये त्यांनी प्रत्येक ओट्यावर कल्ले उघडून बघितले. कोळिणींशी भाषा न येता भाव केला. मेश्त्र मागे हात बांधून उभा राहून बघत होता. नंतर मला म्हणाला, या बाईंना बोटीवर घेतलं असतं. तेव्हापासून काकू माणसं पाठवत आल्या: भिशीचा ग्रुप, नणंदेचा ग्रुप, बँकेतले निवृत्त लोक.

त्या पोराने जाताना नंबरांची वही नेली होती, त्यात काकूंचा नंबर होता. त्याने फोन केला, अर्ध्या दरात ग्रुप नेतो म्हणाला. काकूंनी एवढंच विचारलं, "बाजारात किती वाजता पोचवता?" तो म्हणाला, अडीचपर्यंत. "मग मासे बघायला नेता की लाद्या?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि मला लावला. अर्धा तास मलाच झापलं, वही उघड्यावर ठेवली म्हणून.

मार्च २०२०मध्ये इथे आणीबाणी लागली, विमानं थांबली, सगळ्यांचं सगळं बंद. त्यावर बहुतेकांनी लिहिलं आहे. मी वाणसामान पोचवलं. काकूंनी पुढच्या ग्रुपचे पैसे आगाऊ पाठवले, तारीख न विचारता. विमानं चालतील का, त्या स्वतः येऊ शकतील का, कशाचाच पत्ता नव्हता. मी परत पाठवायला निघालो तर म्हणाल्या, "बयाणा आहे, परत काय करतोस?" त्या पैशांत गाडीचा विमा भरला गेला. नाहीतर ती विकावीच लागली असती. मिनीबस मात्र विकली गेली. त्याबद्दल मला काही वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल.

२०२२पासून ठीक चाललं आहे. काकूंचा ग्रुप आला, मागोमाग बाकीचेही आले. तो पोरगाही परत धंद्यात आहे, पण सिंत्राला जातो. तिथे गर्दीत त्याचं बरं चाललं असेल.

येणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी, विचारल्या नसल्या तरी. हॉटेलात बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं, ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, कोणी रागवत नाही. शाकाहारी असाल तर हिरवं सूप मागताना शोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, नको असं आधी सांगा. वरून एखादा काप टाकतात आणि काढून टाकलं तरी वास राहतो. लिस्बनच्या फुटपाथचे पांढरे दगड घासून गुळगुळीत झालेले असतात, पावसात चामडी तळव्याचे बूट घालू नका. उन्हाळ्यात आराबिदाच्या किनाऱ्यालगतच्या खालच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी असते. तुम्हाला कोणी जुलैमध्ये "थेट गालापिन्युशच्या वाळूवर उतरवतो" म्हणालं, तर कसं उतरवणार ते विचारून घ्या. आणि धंदा करणाऱ्यांना: गाववाल्याला जरूर कामाला ठेवा, नंबरांची वही मात्र घरी ठेवा.

मेश्त्र आता गाडी चालवत नाही. सेझिंब्राला थांबलो की धक्क्यावर येतो, टायरांना लाथ मारून हवा बघतो, पाहुण्यांबरोबर कॉफी पितो आणि नफ्यातला त्याचा हिस्सा मी देतो तो मोजून घेतो. गाडी आता त्याची पुतणी चालवते. तिचं म्हणणं, सेतूबालला सादुच्या खाडीत डॉल्फिनचा कायमचा कळप आहे, बोटी आहेत, लोक त्यासाठी पैसे देतात. अझैतांवचं चीज काढा आणि डॉल्फिन घाला. मी म्हणालो, बोट धरली की एकची वेळ चुकते. ती म्हणाली, एकला बाजार बघायला काकूंशिवाय कोणाला जायचं असतं? यावर आमचं महिनाभर बोलणं बंद होतं. परवा कळलं, तिने पुढच्या मोसमाच्या दरपत्रकात डॉल्फिनची वेगळी टूर टाकलीसुद्धा आहे, गुरुवारची, माझ्या नावाने.