टी पेशीपाशी अडलेला अभ्यास : माझा अनुभव

पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्रात मी चार गुणांनी अनुत्तीर्ण झाले, आणि त्या चार गुणांचा हिशेब आजही माझ्या मनात लसिका (ऊतींतून रक्तात परत जाणारा द्रव) व प्रतिकार संस्थेच्या प्रकरणापाशीच येऊन थांबतो. आमच्या नर्सिंग महाविद्यालयात हे प्रकरण बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्यांसाठी राखून ठेवले होते. ते येतील म्हणून आम्ही सात आठवडे थांबलो. दर सोमवारी कार्यालयात विचारले की ‘पुढच्या आठवड्यात’ एवढेच उत्तर मिळे. सर्व मुलींच्या सह्यांचा अर्ज दिला, तोही टेबलावरच राहिला. अखेर परीक्षेला ९ दिवस उरले असताना दोन तासांचे एकच व्याख्यान झाले आणि त्यात १९ पाने उतरवून देण्यात आली. लसीकरण, एड्स, अवयव प्रत्यारोपण, ॲलर्जी हे सारे पुढील वर्षांत ज्या प्रकरणावर उभे राहते, तेच असे उरकले गेले याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

लसिका संस्थेचा भाग मला जड गेला नाही, कारण तो मी घरातच पाहिला होता. केशवाहिन्यांतून दिवसाला सुमारे २० लिटर द्रव ऊतींमध्ये झिरपतो, त्यातील सुमारे १७ लिटर परत रक्तात शोषला जातो आणि उरलेले ३ लिटर लसिकावाहिन्या गोळा करून रक्तात आणून सोडतात. भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावी माझ्या आजीच्या उजव्या पायाला हत्तीरोग होता. क्युलेक्स डासामार्फत आलेले कृमी लसिकावाहिन्यांत राहतात, वाहिन्या फुगतात, त्यांतील झडपा निकामी होतात आणि द्रव पायातच साचतो, हे वाचल्यावर ते ३ लिटर मी पुन्हा कधी विसरले नाही. परीक्षेत हमखास चुकणारा मुद्दाही तिच्या पायामुळेच पक्का झाला : उजव्या लसिकावाहिनीकडे फक्त उजवा हात आणि डोके, मान व छाती यांची उजवी बाजू एवढ्याच भागांची लसिका जाते. आजीच्या उजव्या पायाची लसिका मात्र वक्षीय वाहिनीने वर चढून मानेच्या डाव्या बाजूच्या शिरांच्या संगमात रिकामी होते.

अडले ते टी पेशींवर, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर. उतरवून दिलेल्या पानांत एक वाक्य होते : ‘प्रतिजन सादर करणाऱ्या पेशी टी पेशींना प्रतिजन सादर करतात.’ (प्रतिजन म्हणजे प्रतिकार संस्था ज्याला परके म्हणून ओळखते तो जंतूचा अंश.) त्याखाली एक तक्ता होता; सीडी ४, सीडी ८ (टी पेशींचे दोन प्रकार), एमएचसी वर्ग १, एमएचसी वर्ग २ (पेशींच्या पृष्ठभागावरील रेणूंचे दोन प्रकार). मी तो तक्ता कितीतरी वेळा पाठ केला आणि दर वेळी सकाळी त्यातील दोन रकाने एकमेकांच्या जागी गेलेले असत. पाठांतर कमी पडते आहे असे मला वाटत होते. खरे तर प्रश्नच सुटलेला नव्हता, आणि तो प्रश्न कोणाला विचारायचा तर शिकवायला कोणी नव्हते. बी पेशींनी बनवलेली प्रतिद्रव्ये रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या जंतूला थेट चिकटतात, मग टी पेशीला दुसऱ्या पेशीने तो आणून का दाखवावा लागतो? आणि दाखवायचाच असेल तर त्यासाठी दोन प्रकारची व्यवस्था कशाला?

फेरपरीक्षेच्या तयारीत मी तक्ता बाजूला ठेवला आणि या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत पुढचे पान उलटायचे नाही असे ठरवले. ग्रंथालयातील दोन जाड पुस्तके आणि तीन संध्याकाळी एवढे त्याला लागले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की विषाणू एकदा पेशीच्या आत शिरला की प्रतिद्रव्यांना तो तिथे गाठता येत नाही. तेव्हा आत काय चालले आहे हे बाहेरून कळण्याची काही सोय हवी, आणि ती सोय म्हणजे एमएचसी. पेशीच्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे वर्ग १ च्या रेणूंवर ठेवून पृष्ठभागावर सतत मांडले जातात. केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर हे रेणू असतात, कारण विषाणू कोणत्याही पेशीत शिरू शकतो. त्यांतील एखादा तुकडा विषाणूचा निघाला तर सीडी ८ टी पेशी ती पेशीच मारून टाकते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाती लागले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि तो आनंद मी मैत्रिणीला उठवून सांगितला. महाभक्षक पेशीने बाहेरचा जिवाणू गिळला असेल तर ती पेशी आपले कामच करीत असते, तिला मारून कसे चालेल? तिला मदत हवी असते. म्हणून गिळलेल्या जंतूचे तुकडे ती वेगळ्या रेणूंवर, म्हणजे वर्ग २ वर, मांडते आणि सीडी ४ ही साहाय्यक टी पेशी ते ओळखून तिला व बी पेशींना चालना देते. वर्ग २ चे रेणू मुख्यतः डेंड्रायटिक पेशी (जंतूंचे तुकडे लसिकाग्रंथीत नेऊन दाखवणाऱ्या), महाभक्षक पेशी आणि बी पेशी यांच्यावरच असतात, याचे कारणही यातच आले. एका फलकाचा अर्थ ‘मला संपवा’ आणि दुसऱ्याचा ‘मला साहाय्य करा’ असा आहे, हे एकदा कळल्यावर तक्ता पाठ करण्याची गरजच राहिली नाही. ऐन परीक्षेत मन गोंधळलेच तर गुणाकार आठवावा : ४ गुणिले २ आणि ८ गुणिले १, दोन्हींचे उत्तर ८.

टी पेशी तुकडा आणि स्वतःच्या शरीराचा एमएचसी रेणू दोन्ही एकत्रच ओळखते, हे झिंकरनॅगेल आणि डोहर्टी या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इतक्या उशिरा उलगडलेली गोष्ट दोन तासांच्या श्रुतलेखनातून मुलींना कळावी ही अपेक्षाच अन्यायाची होती, असे मला ठामपणे वाटते. एचआयव्ही नेमका सीडी ४ पेशींवर घाव घालतो, म्हणून एकाच प्रकारच्या पेशींच्या नाशाने बी पेशींची प्रतिद्रव्ये आणि टी पेशींचा हल्ला या दोन्ही बाजू कोसळतात. सीडी ४ ची संख्या रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे २०० च्या खाली गेली की एड्स का म्हणतात, हेही मग वेगळे शिकावे लागले नाही.

प्राथमिक आणि दुय्यम प्रतिसादाचा आलेख मला मावशीमुळे समजला. ती उपकेंद्रात एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिका आहे. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरील लसीचे डोस का, असे आया तिला विचारतात. पहिल्या डोसनंतर प्रतिद्रव्ये सावकाश आणि थोडी तयार होतात, त्यांत आधी आयजीएम हा प्रकार असतो. स्मृतिपेशी तयार झाल्यामुळे पुढच्या डोसला प्रतिसाद लवकर व जोरदार येतो आणि त्यात आयजीजी हा प्रकार प्रमुख असतो. हे उत्तर मी तिला मराठीत सांगितले, तिच्या शंका ऐकल्या, आणि मग तेच इंग्रजीत लिहून काढले. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींनी हा क्रम जरूर ठेवावा. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी समजून घेणे आपल्या भाषेत आधी व्हावे.

आपल्या भाषेत काही उत्तरे आयतीच दडलेली असतात. टी पेशी जिथे परिपक्व होतात त्या थायमसला शालेय पुस्तकात यौवनलोपी ग्रंथी म्हटले आहे, म्हणजे वयात आल्यावर ती आकसत जाते हे नावातच आले. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, असे घरची मंडळी म्हणत. ती सुजलेली गाठ म्हणजे जखमेतील जंतूंचे तुकडे जिथे पोहोचले आणि लिम्फोसाइट, म्हणजे टी व बी पेशी, जिथे वाढू लागल्या ती लसिकाग्रंथी. म्हणूनच माझे सांगणे आहे की लसिका संस्था आणि प्रतिकार संस्था वेगवेगळ्या दिवशी वाचू नयेत. एका जखमेपासून सुरुवात करावी, जंतूबरोबर लसिकावाहिनीतून ग्रंथीपर्यंत जावे, तिथे टी आणि बी पेशी जाग्या होताना पाहाव्यात आणि त्यांच्याबरोबर रक्तातून जखमेकडे परत यावे. माझे दीर्घोत्तर फेरपरीक्षेत याच क्रमाने लिहिलेले होते, आणि त्या पेपरात मी ६८ टक्के गुण मिळवले.

आकृत्यांविषयी सांगायचे राहिले. लसिकाग्रंथीच्या आकृतीत आत येणाऱ्या वाहिन्या अनेक आणि बाहेर जाणाऱ्या एक-दोनच दाखवाव्यात, कारण लसिका तिथे रेंगाळली तरच ती गाळली जाते. प्लीहेला मात्र आत येणारी लसिकावाहिनी काढू नये. ती लसिका नव्हे, रक्त गाळते. आणि बी पेशीतील ‘बी’ म्हणजे बोन मॅरो, अर्थात अस्थिमज्जा असे आमच्या १९ पानांत होते, ते चूक आहे. ते अक्षर पक्ष्यांमधील बर्सा या अवयवावरून आले आहे. माणसात या पेशी अस्थिमज्जेत परिपक्व होतात, एवढेच.