निंदणाच्या दिवसांतली वारी

आषाढीला माय कधी पंढरपूरला गेली नाही. जाणार कशी? एकादशी येते ती नेमकी पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, चार पानं फुटल्यावर, पहिलं निंदण तोंडावर असताना. तेव्हा आठ-दहा दिवस वावर सोडलं की तण पिकाच्या वर जातं. बैलांचा डवरा दोन ओळींमधलं काढतो, पण झाडाच्या बुडाशी बसलेलं बाईच्या खुरप्यालाच निघतं. म्हणून तिची वारी नागपूरजवळच्या धापेवाड्याची. एकादशी झाली की पंढरीचा विठ्ठल इथं येतो, अशी आपल्याकडची श्रद्धा. यात्राही पौर्णिमेच्या सुमारास भरते. शेतात राबणाऱ्या बायांसाठी देवानंच ही सोय केली, असं मला मनापासून वाटतं.

तिच्या माघारी आम्ही भावंडं ती वारी चालतो. नागपुरात गिट्टीखदानहून पहाटे चारला निघायचं, काटोल नाका, फेटरी, मग कळमेश्वर आणि पुढं धापेवाडा. दहाच्या आत कळमेश्वर गाठावं, कारण पावसानं उघडीप दिली की उकाडा माणसाला बसवतो. पाय बिघडतात ते अंतरानं नव्हे, ओल्या मोज्यानं. भिजलेली कातडी घासली जाते आणि टाचेला फोड येतो. मोज्यांचे दोन जोड कोरडे ठेवावेत, निघताना बोटांच्या बेचक्यात खोबरेल चोळावं, आणि फोड आला तर त्याची कातडी ओढून काढू नये. डांबर सोडून काळ्या मातीत उतरू नका. शंभर पावलांत चपलेला इतका चिखल धरतो की पाऊल उचलत नाही. शिदोरीला दशमी घ्यावी. पीठ पाण्याऐवजी दुधात मळलेलं असल्यानं ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.

फेटरी मागं पडली की दोन्ही बाजूंना वावरं लागतात, आणि नजर आपोआप पिकाच्या ओळींवर जाते. कुठं बी उगवलं नाही, कुठं नांगे, म्हणजे मधल्या रिकाम्या जागा, भरायचे राहिले. ही नजर मायची. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, त्यानंतर आमच्या घरी बी पाकिटात आलं. त्याआधी घरच्या सरकीवर बारीक तंतू असायचे. बिया एकमेकींत गुंतून गोळा व्हायच्या आणि टोबताना, म्हणजे हातानं बी मातीत लावताना, एका जागी पाच-सहा पडायच्या. माय अंगणात पोतं अंथरून सरकीवर शेण आणि माती कालवायची, तळहातानं गोल गोल घासायची. शेण पातळ झालं की गोळे होतात, घट्ट झालं की तंतू बसत नाहीत. बी बोटांतून सुटं गळायला लागलं की उन्हात नाही, सावलीत वाळवायचं. एवढं झाल्यावर टोबायला जायचं, कडेवरच्या पोरासकट.

पोराची झोळी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाला. जुनं नऊवारी दुहेरी घेऊन फांदीला गाठ मारायची, झोळीचं बूड जमिनीपासून हातभर वर. मुंग्या फांदीवरून दोरीनं उतरतात, म्हणून गाठीखाली रॉकेलचं फडकं गुंडाळायचं. पाच लेकरं तिनं अशीच वाढवली. दिवाळीनंतर वेचणी. दव वाळल्याशिवाय ती बोंडाला हात लावू देत नसे, ओला कापूस पिवळा पडतो आणि भाव तुटतो. सुकलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटं चिरायची, रात्री दिव्याजवळ बसून ती भेगांत तेल भरायची. पोटाशी बांधलेली ओटी भरत आली की वजन कमरेवर येतं. म्हातारपणी ती वाकली ती तिथूनच.

धापेवाड्याच्या नदीचं नावही चंद्रभागाच; तिच्यावर पाय धुतले आणि रांगेत उभे राहिलो. पुढच्या बाया तणाचंच बोलत होत्या. कुणाकडं केना माजला होता, कुणाकडं लव्हाळा. एकीनं पदराची गाठ सोडून लव्हाळ्याचे काळे कंद दाखवले, ज्वारीच्या दाण्याहून बरेच मोठे. हा कंद मातीत राहिला की वरून कितीही कापा, पुन्हा कोंब येतो. माय खुरपं खोल घालून तो मुळासकट उपसायची, पदरात बांधायची आणि संध्याकाळी घरी आली की चुलीत टाकायची. धुऱ्यावर कधी फेकला नाही.