पेठेतली दुपार
आज सुट्टी होती म्हणून बायकोला म्हटलं चल जरा पुण्याच्या पेठेत हिंडू, गाडी मंडईजवळ लावली आणि आधी बोहरी आळीत (हार्डवेअरच्या बाजारात) घुसलो, घ्यायची होती फक्त बिजागरी पण तिथे शिरलं की पिशवी भरल्याशिवाय माणूस बाहेर पडतोय होय! मग तांबट आळी, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची. एक काका घंगाळावर मठारकाम (हातोडीने ठोके देऊन नक्षी) करत होते, ठोक्याला लागून ठोका, सगळे एकसारखे, आणि वर आमच्याशी गप्पाही चालू!! बायकोने एक तांब्या उचललाच. नंतर कोपऱ्यावर नवीन मालवणी हॉटेल उघडलंय तिथे जेवलो, बांगडा मस्त कुरकुरीत, सोलकढी एक नंबर (नारळाचं दूध ताजं, पावडरवालं नाही, कळतं लगेच), भाकरी मात्र गार आली, सांगितल्यावर गरम दिली. सुरमई थाळीचा भाव बघून मेनूकार्ड हळूच मिटलं 😄 तिसऱ्या (शिंपल्या) संपल्या होत्या, त्यासाठी परत जाणारे.