नाताळची तालीम: पट्टी ठरली, बास अजून कच्चा

यंदा संडेस्कूल, तरुण संघ, महिला मंडळ आणि आजोबा मंडळी, सगळ्यांचा मिळून एकच गायनवृंद उभा करायचा, असं पाळकसाहेबांनी ठरवलं. त्यामुळे पहिले काही रविवार पट्टीच्या, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा याच्या वादातच गेले. बायकांना पेटीवरची काळी चार सोयीची. पण तिथे पोरांचा षड्ज (सा) इतका खाली जातो की नुसते ओठ हललेले दिसतात. शेवटी पांढरी दोनवर एकमत झालं. मध्य षड्जापासून तार रिषभापर्यंतची चाल त्यात सगळ्यांना पेलते. मंद्र पंचमापर्यंत (खालच्या ‘प’पर्यंत) उतरणारी ओळ आली की ती फक्त मोठ्यांनी म्हणायची.

चर्चचा तबला मोठ्या तोंडाचा, काळी चारमध्ये लावलेला. नवा आणायला पैसे नाहीत. अर्धा स्वर चढवून पांढरी सहावर, म्हणजे आमच्या पंचमात, लावून घेतला. छान बसतो.

सगळ्यात लवकर बसली ती ना. वा. टिळकांची भजनं. ‘उपासना संगीत’ या आमच्या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात टिळकांची पदं भरपूर आहेत, आणि अभंगाच्या चालीत मुळातच एकाने सांगायचं, बाकीच्यांनी झेलायचं अशी सोय असते. कडवं आजोबांनी सुरू करायचं, ध्रुवपद पोरांनी उचलायचं. आजोबांचा दम पुरत नाही तिथे महिला मंडळ ओळ पुढे नेतं, ऐकणाऱ्याला सांधा कळतही नाही. ज्या दोघांचा आवाज नुकताच फुटलाय त्यांच्या हाती टाळ दिलेत. गायचं तेव्हा फक्त खालचा सा धरायचा. सगळ्या वयांना एकत्र गायला लावायचं तर माझं मत स्पष्ट आहे: आधी भजन, चार आवाज (एकाच वेळी चार वेगळ्या ओळी) नंतर. (चार आवाजांशिवाय नाताळ कसला, असं म्हणणारेही आमच्यात आहेत. असोत.)

म्हणून चार आवाजांत एकच कॅरोल ठेवलंय. वरून खाली सोप्रानो, अल्टो, टेनर, बास असे ते चार. सोप्रानो पाठ, टेनर बरा. अल्टो दुसऱ्या कडव्यात घसरतो. बास तर सरळ मूळ चालच खालच्या सप्तकात गायला लागतो! यावर तोडगा आमच्या एका आजोबांकडे निघाला. बोर्डिंगमध्ये असताना ते टॉनिक सोल्फा, म्हणजे डो-रे-मीच्या अक्षरांत सूर लिहायची पद्धत, शिकले होते. त्यातला ‘डो’ आपल्या षड्जासारखाच हवा तिथे सरकतो, त्यामुळे त्यांची जुनी वही पोरांना सरळ सारेगममध्ये उतरवून देता आली. आता बासवाले शब्द बाजूला ठेवून नुसती सरगम घोकतायत. निम्म्या ओळी बसल्या.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर फक्त अल्टो आणि बास थांबतील. पायपेटीवर त्यांचीच ओळ वाजवायची, वरची चाल अजिबात नाही. कॅरोल राउंडला, म्हणजे घरोघरी गात फिरताना, पायपेटी नेता येत नाही, म्हणून गिटारवाल्याला कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) दुसऱ्या घरात लावून सी-चे कॉर्ड धरायला सांगितलंय. पट्टी तीच राहते.