गालावरचे दोन पट्टे

वाळपईला आमच्या घरामागे फणसाच्या फांदीला एक करवंटी टांगलेली आहे. सकाळी तिच्यात मूठभर उकडे तांदूळ, कधी पपईची फोड. खाली मातीच्या परळात पाणी. गिऱ्हाइकं ठरलेली. बुलबुल पपईला, साळुंक्या सगळ्यालाच आणि सातभाई नुसते भांडायला.

जानेवारीत एकदा दिवेलागणीच्या आधी परळाच्या काठावर नवाच कोणीतरी उभा. डोकं आणि पोट पिकल्या सुपारीसारखं केशरी, पाठ निळसर राखाडी, पंखावर पांढरा डाग. साळुंकीहून जरा लहान. "नवरंग!" मी ओरडले, आणि तो भुर्रकन पोफळीत. सासूबाई म्हणाल्या, "ओरडायचं कशाला? आधी नीट बघून घ्यावं."

खरंच, नवरंगाची पाठ हिरवी, शेपूट आखूड. हा तो नव्हेच.

रात्री मोबाइलवर मर्लिन हे पक्षी ओळखायचं अ‍ॅप उघडलं. कुठे दिसला, कधी, केवढा, रंग कोणते, काय करत होता, सगळं भरलं. यादीत पहिलाच आला नारिंगी डोक्याचा कस्तूर. मी तो झटकून टाकला! फोटोतल्या पक्ष्याचं डोकं सलग केशरी. आमच्या पाहुण्याचा गळा पांढरा आणि गालावर दोन काळपट उभे पट्टे. दोन दिवस बाकीची यादी चाळत बसले. तिसऱ्या दिवशी त्याच कस्तुराचे पुढचे फोटो सरकवले, तर तो पट्टेवाला तिथेच. उत्तरेकडच्या कस्तुराचं डोकं कोरं असतं, आपल्या दक्षिणेकडच्या उपजातीला पांढरा गळा आणि पट्टे. एकच फोटो बघून स्थळ नाकारावं तसं झालं माझं.

करवंटीकडे मात्र तो ढुंकूनही बघत नाही. फणसाची वाळलेली पानं चोचीने उलटीपालटी करून खालचे किडे टिपतो, मग पाणी पितो. आणि तीच पानं आमचे हे दर रविवारी झाडून जाळायचे!

आता झाडू मी लपवलाय. "विंचू होतील," असं ह्यांचं म्हणणं. शेवटी वाटणी झाली: न्हाणीघराकडचं अंगण ह्यांचं, फणसाखालचं कस्तुराचं. पावसाळ्यात तो छान गातो, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही करतो म्हणे. तोवर रोज सहाच्या सुमाराला मी मागच्या पायरीवर बसते. तोंड मिटून.