जालन्याचा हापसेवाला झोम्ब्यात

आफ्रिकेतल्या मलावीला निघायच्या आदल्या रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीतल्या एका मावशींनी मला गाठलं. "किती जणांचा बाप्तिस्मा करणार रे तिकडं?"

म्हटलं, "मावशी, मी पाळक थोडाच आहे? हापसे दुरुस्त करायला चाललोय."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. प्रार्थना केली त्यांनी माझ्यासाठी, पण आवाज जरा उतरलेला होता.

मावशी, वाचत असाल तर सांगतो. इथं दहातले आठ जण ख्रिस्तीच आहेत. रविवारी सकाळी रस्त्यानं निघालं की आपलीच भक्ती कमी पडते असं वाटायला लागतं. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते. उपासना तीन तास चालली तरी कुणी घड्याळाकडं बघत नाही. (मी बघतो.) स्कॉटलंडचे मिशनरी इथल्या ब्लँटायर शहरात आले १८७६ मध्ये. त्याच्या थोडं आधी स्कॉटलंडच्याच मिशनमधले रेव्हरंड नारायण शेषाद्री आपल्या जालन्याजवळ बेथेल गाव वसवत होते. म्हणजे त्यांची मंडळी आणि आपली मंडळी जवळजवळ एका वयाची. कुणी कुणाला काय शिकवायचं?

मी राहतो झोम्ब्याला. १९७५ पर्यंत ही देशाची राजधानी होती, मग ती लिलाँग्वेला गेली. शहर डोंगराच्या कुशीत, हिरवंगार. पण आमचं काम खाली सपाटीवर, चिल्वा तळ्याच्या बाजूच्या गावांत. हे तळं पसरलंय लांबवर, पण उथळ, आणि पाण्याला बाहेर जायला वाट नाही. २०१२ ला आटलं, २०१८ ला पुन्हा आटलं. भेगाळलेल्या तळाचे फोटो मला इथल्या ऑफिसात दाखवले तेव्हा समजावून सांगायला लागले. म्हटलं, राहू द्या. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी स्टेशनवर घागरी घेऊन उभी असलेली माणसं पाहिली आहेत.

आता थोडं हापशाबद्दल, कारण त्याशिवाय पुढची माणसं कळणार नाहीत.

साठच्या दशकातल्या दुष्काळात आपल्याकडं खडकात बोअर घ्यायला सुरुवात झाली. त्यावर बसवायचे बिडाचे पंप मात्र एका घराच्या वापराचे. अख्खं गाव त्यावर तुटून पडलं की काही दिवसांत खेळ खल्लास. तेव्हा जालन्यात मिशनच्या पाण्याच्या कामातून एक दणकट पंप तयार झाला. दांड्याच्या टोकाला गोलाईचा तुकडा, त्यावरून चेन, त्यामुळं आतली सळई सरळ वर-खाली होते, वाकडी ओढ बसत नाही. त्याला जालना पंपच म्हणायचे. सोलापुरात तो आणखी सुधारला, आणि सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं त्यातून इंडिया मार्क टू आला. तुमच्या शाळेच्या आवारात, मारुतीच्या पाराजवळ जो हापसा होता ना, तोच. आमच्या अण्णांनी तीस वर्षं त्याचीच चाकरी केली. उन्हाळ्यात घरी जेवताना त्यांच्या हाताला ग्रीसचा वास यायचा.

त्या हापशाची एकच अडचण. आतला वायसर गेला तर लोखंडी पाइप सगळे वर काढायचे. त्यासाठी तिपाई, चेन, क्लॅम्प, चार-पाच गडी आणि एक गाडी. म्हणून मग अर्ज, आणि अर्जानंतर वाट बघणं. आमच्या वस्तीवरचा एकदा फेब्रुवारीत बंद पडला, तो दुरुस्त झाला जूनमध्ये, पाऊस पडल्यावर. आई चार महिने दीड मैलावरून पाणी आणत होती, आणि नवरा हापशाचा मेकॅनिक! अण्णा म्हणायचे, "वरून ऑर्डर आल्याशिवाय मला पान्हा लावता येत नाही."

मलावीत सगळीकडं दिसतो तो अफ्रिदेव. ऐंशीच्या दशकात घडलेला, आणि त्याचं मूळ याच देशातल्या मालदेव नावाच्या पंपात आहे. आत प्लास्टिकचा पाइप. तो जागचा हलवायचा नाही. नुसत्या सळया आणि दट्ट्या वरच्या वर ओढून काढायचा. सळया एकमेकींत अडकवलेल्या असतात, त्यांना पान्हा लागत नाही. बाकी सगळ्याला मिळून एकच पान्हा. गावानंच तो दुरुस्त करावा, या हिशेबानं सगळी रचना.

आणि तो पान्हा ज्यांच्याकडं असतो, त्या अमायी.

अमायी म्हणजे आई, बाई, ताई, सगळंच. चिचेवा भाषेत मोठ्या माणसाला एकेरी हाक मारत नाहीत. 'इवे' म्हणजे तू, 'इनू' म्हणजे तुम्ही. जरा मानाचं माणूस असलं की अनेकवचन. मराठी माणसाला हे पहिल्याच दिवशी जमतं. बरोबरच्या एका इंग्रज पोराला वर्षभरात जमलं नाही. पाळकाला इथं 'अबुसा' म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ मेंढपाळ. आपला पाळकही तोच की.

तर या अमायी पाणी समितीच्या अध्यक्षा. वय पन्नाशीचं, पायात स्लिपर, कमरेला चितेंजे नावाचं कापड गुंडाळलेलं. समितीत निम्म्याहून जास्त बायका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या अंगात जालना पंपाचा इतिहास संचारला होता. म्हटलं, सरका जरा, मी दाखवतो. वरचं झाकण काढलं, दांडा काढला, सळई हातात धरून वर ओढायला लागलो. दुसरी सळई वर आली, जोडावर पकड बसवायची मी विसरलो, आणि पहिली सुटी करायला जातोय तोवर खालची सगळी माळ सर्रकन बोअरमध्ये. आतून जो आवाज आला तो मी जन्मात विसरणार नाही.

सगळं गाव जमलेलं. पोरं तर "म्वेन्ये! म्वेन्ये!" करत मघापासून मागं होतीच. म्वेन्ये म्हणजे इंडियावाला. क्षणभर चिडीचूप. मग अमायी म्हणाल्या, "पेपानी." म्हणजे माफ करा. चूक माझी, आणि माफी त्यांची! नंतर कळलं, दुसऱ्याला ठेच लागली तरी इथं पेपानीच म्हणतात. "अरेरे, लागलं का हो" या अर्थानं. पण त्या वेळी मला वाटलं, बाई टोमणा मारतायत.

त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं, हळूच, लेकराला चुलीपासून बाजूला करावं तसं. घरातून एक आकडा आणवला, दोरीला बांधून आत सोडला. डोळे मिटून त्या दोरी हलवत होत्या, जणू कानानंच बघतायत. तिसऱ्या खेपेला सळई लागली. वर काढली. दट्ट्याची रबरी सील झिजून कागदासारखी झाली होती. ती बदलली, खालचा व्हॉल्व्ह पुसला, सळया एकेक करत परत सोडल्या, दर जोडाला पकड बसवून, प्रत्येक वेळी माझ्याकडं एक नजर टाकून. तासाच्या आत पाणी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. इथं आभार मानायलाही हलकेच टाळी वाजवतात. मीही वाजवली.

सीलचे पैसे आले कुठून? समितीच्या डब्यातून. महिन्याला घरटी वर्गणी. ज्याच्याकडं पैसे नाहीत तो मका देतो. जानेवारी ते मार्च तेही नसतं. जुनी मका संपलेली, नवी अजून शेतात. मग माणसं 'गान्यू'ला जातात, म्हणजे दुसऱ्याच्या रानात रोजानं. आपल्याकडं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गाड्या निघतात तेव्हा वस्ती जशी ओस पडते, तसं नाही अगदी, पण चेहरे तेच. त्या तीन महिन्यांत अमायी कुणाकडंही वर्गणी मागत नाहीत. वहीत फक्त नावापुढं एक टिंब काढून ठेवतात. कापणी झाली की टिंब घेऊन दारात. "ओडी!" म्हणून हाक मारायची, आतून "ओडीनी!" आलं की शिरायचं. आपलं "हायत का घरी?" तसंच.

आमचे अबुसा म्हणजे दुसरं प्रकरण. एक सायकल आणि लांब लांब विखुरलेल्या दहा-बारा प्रार्थनाघरांची जबाबदारी. उपदेश लांबलचक, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं तेव्हा हा माणूस मी पाहिला. ऑस्ट्रेलियाच्या बाजूला उठलेलं वादळ अख्खा हिंदी महासागर ओलांडून, महिनाभर घोंगावत इथं पोचलं. सहा महिन्यांचा पाऊस सहा दिवसांत. ब्लँटायरला डोंगर खचून वस्त्या गाडल्या गेल्या. देशात मेलेले आणि बेपत्ता मिळून हजाराच्या वर. त्यात कॉलऱ्याची साथ आदल्या वर्षापासून चालूच, या देशानं पाहिलेली सगळ्यात मोठी. पूर ओसरल्यावर हापशांच्या तोंडापर्यंत गाळ. अबुसांनी रविवारी चर्च उघडलं, एक स्तोत्र वाचलं, आणि म्हणाले, आज उपदेश नाही, फावडी घ्या. मी मनात म्हटलं, प्रभूचे चमत्कार! गाळ काढायचा, पंप खोलायचा, बोअरमध्ये क्लोरिन सोडायचं, रात्रभर ठेवायचं, मग वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकायचं. डोळ्यासमोर स्वच्छ दिसणारं पाणी ओतून द्यायला तहानलेल्या माणसाला सांगणं सोपं नाही. ते काम अबुसांनी केलं. दिवसभर हापशापाशी उभं राहून, एकेकाला नावानं हाक मारत.

तिसरे आमचे अगोगो. अगोगो म्हणजे आजोबा. याओ जमातीचे, मुसलमान, गावच्या मशिदीतली मोठी असामी. चर्चच्या प्रकल्पाचा हापसा ज्या जागेवर आहे ती जागा त्यांची. का दिली, विचारलं तर म्हणाले, "मादझी." पाणी. पुढं काही नाही. त्यांना जास्त बोलायची सवय नाही.

एकदा त्यांनी विचारलं, तू इंडियात कुठला? जालना सांगून उपयोग नव्हता, म्हणून नाशिक सांगितलं, आणि मग मला आठवलं ते सांगत बसलो. गुलामांच्या जहाजावरून सोडवलेली आफ्रिकेची पोरं इंग्रजांनी मुंबईला उतरवली, त्यातली बरीच नाशिकच्या शरणपूरला मिशनच्या आश्रमात वाढली. त्यातलाच जेकब वेनराइट, याओ. आणि चुमा, तोही याओ. त्याला १८६४ मध्ये आफ्रिकाभर फिरलेल्या लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनऱ्यानं बोटीनं मुंबईला आणून तिथल्या मिशन शाळेत ठेवलं होतं. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा याच माणसांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, वेनराइटनं शास्त्रवाचन केलं, झाडावर अक्षरं कोरली, आणि महिनोन्‌महिने पायी चालत त्यांनी त्याचा देह समुद्रापर्यंत नेला.

अगोगो ऐकत राहिले. मग एवढंच विचारलं, "त्यांना तिकडं याओ बोलू द्यायचे का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. चुमा आणि वेनराइटबद्दल मी आजवर जिथं जिथं ऐकलंय, तिथं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नव्हता विचारला.

मागच्या महिन्यात अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, हापशापाशी उभा राहून. अमायींशी बोलायचंच होतं त्यांना. सळया पडल्याची गोष्ट मी घरी सांगितली नव्हती. अमायींनी ती पहिल्या मिनिटाला हातवारे करून सांगितली. अण्णा हसून हसून खोकायला लागले. मग त्यांच्यातला मेकॅनिक जागा झाला. "विचार त्यांना, चेनला ग्रीस कोण लावतं?"

मी विचारलं. अमायी म्हणाल्या, याला चेनच नाही. बेअरिंग प्लास्टिकचं, ग्रीस लागत नाही. त्यांनी खोलून दाखवलं. अण्णांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, पडद्यावर नुसतं त्यांचं कपाळ दिसायला लागलं. "हां… हां… बरोबर आहे," असं बराच वेळ चाललं.

मग अमायींनी विचारलं, "तुमच्याकडं पान्हा कुठल्या बाईकडं असतो?"

मी मराठीत सांगितलं. मागं आई भाजी निवडत बसली होती, तिनं मान वर केली. अण्णा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवाज तुटू राहिला रे. रेंज नाही वाटतं."

रेंज चांगली होती. आईचा हसण्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.