आत्या लोदला राहते

"तू बेने इस्रायली, निम्मं गणगोत इस्रायलमध्ये, आणि गाझासाठी मोर्चाला जातेस?" ठाण्याच्या सिनेगॉगच्या दारात, लग्नघरांत, फोनवर सतत हेच. बेने इस्रायली म्हणजे आम्ही कोकणातले मराठी ज्यू. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

आत्या इस्रायलमधल्या लोद गावात राहते. १९६२ साली तिचं लग्न एका इराकी ज्यू मुलाशी ठरलं होतं. त्याच वर्षी तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, फर्मान काढलं: बेने इस्रायलींना इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल, तर आई, आजी, पणजी ज्यूच होत्या का ते आधी तपासा. पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्यांची ही लेक. कागद कुठून आणणार? लग्न मोडलं. १९६४ मध्ये आमची माणसं जेरुसलेमला धरण्याला बसली, त्यांत आत्याही होती. फर्मानातून आमचं नाव निघालं. मुलगा काही परत आला नाही.

२०१८ साली मी तिच्याकडे गेले. तिने मलिदा केला होता. खाता खाता मी विचारलं, "आत्या, १९४८च्या जुलैत या गावातल्या हजारो अरबांना भर उन्हात पायी हाकललं. त्यांचं काय?"

"मी रस्त्यावर बसले होते, तेव्हा कोण आलं होतं गं माझ्या शेजारी?"

"ते कुठून येणार? त्यांना परतच येऊ दिलं नाही."

ती गप्प झाली. माझ्या ताटात आणखी मलिदा वाढला आणि आत निघून गेली. मी बोलले ते खरंच होतं. पण तिच्या घरात, तिच्या हातचं खाताना, त्या सुरात?

तेव्हा मला वाटायचं, आत्याचं आणि त्या अरबांचं दुःख एकच. आता तसं म्हणवत नाही. आत्याला ज्यूंना इस्रायलमध्ये स्थायिक होण्याचा हक्क देणाऱ्या १९५०च्या परतीच्या कायद्याने तिथे घर मिळालं; लोदमधून हाकललेल्या बाईच्या नातीला तो हक्क नाही. अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द काळ्या स्त्रियांसाठी वापरला: वंश आणि बाईपण वेगवेगळं तोलता येत नाही. मी त्यात आत्यालाही बघते. रंगामुळे, जन्मामुळे डावललेली, आणि तरी दुसऱ्याच्या गावात हक्काने राहणारी. माझा हा अर्थ ताणलेला असेलही.

७ ऑक्टोबर २०२३ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली गेली. आत्या शेल्टरमध्ये होती. मी रडले, पण तिला तसं सांगितलं नाही, आणि आठवड्याच्या आत गाझाच्या मोर्चात उभी राहिले. तो फोटो तिने पाहिला.

गेल्या रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, मी तिला मराठीत निरोप पाठवला. निळ्या खुणा उमटल्या. उत्तर अजून नाही.